चावीच्या घड्याळात चंद्र, तिथी अन् पावसाचं नक्षत्र कसं बसवायचं

स्विस घड्याळातला मूनफेज (डायलवर चंद्राच्या कला दाखवणारी खिडकी) जसाच्या तसा कॉपी करायचा असेल तं एवढी मेहनत करायचं काम नाही, निळ्या आकाशावर सोनेरी चंद्राची तयार डिस्क ऑनलाइन मिळते, लावा अन् मोकळे व्हा. पण घड्याळ आपल्या इकडच्या माणसाच्या हातात राहणार असेल, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, गडचिरोलीकडच्या गावात, तं आधी हे पाहा की त्या माणसाला आकाशातलं काय पाहिजे असते. आपल्या घरात तीन गोष्टी विचारतात: आज तिथी कोणती, चंद्र किती झाला, अन् नक्षत्र कोणतं लागलं. हे तिसरं नक्षत्र चंद्राचं नाही, सूर्याचं. मृग लागला का, आर्द्रा कोरडी गेली का, हत्ती बरसला का, ते. महागड्या घड्याळांच्या डायलवर हे मला कुठं दिसलं नाही, अन् गंमत अशी की मशीनच्या हिशेबानं पाहिलं तं ते अवघड अजिबात नाही.

मशीनपासून सुरू करू. शिकायला एचएमटी जनता मस्त. चावीची, १७ ज्वेलची, तारीख नसलेली, म्हणजे डायलखाली कोणता पसारा नाही. एचएमटीची घड्याळं १९६१ मध्ये बंगळुरूत जपानच्या सिटिझनच्या मदतीनं सुरू झाली अन् २०१६ मध्ये सरकारनं कंपनी बंद करायचं ठरवलं, पण तालुक्याच्या जुन्या घडीसाजाकडे डबाभर मशीन अजून निघतात. हिच्यात फक्त चंद्र-तिथी करा. नक्षत्र पण पाहिजे असेल तं मोठी मशीन घ्या, युनिटास ६४९७ या स्विस मशीनच्या धर्तीवरची चिनी सीगल एसटी ३६ चालते, व्यास ३६.६ मिमी, जाडी ४.५ मिमी, ऐसपैस जागा आहे, मनगटावर थोडं मोठं दिसते पण शेतकऱ्याच्या मनगटाला काही होत नाही.

पहिलं माप चंद्राचं घेऊ नका, उंचीचं घ्या. डायल काढून व्हर्निअरनं मोजा की मेनप्लेटच्या (मशीनची मुख्य पाटी) वर कॅनन पिनियन (मिनिटाचा काटा बसते ती नळी) किती निघतो. तुम्ही डायलखाली एक जास्तीची प्लेट, तिच्यावर चाकं, त्यावर डिस्क असं रचणार, पातळ करून पण ०.८ ते १ मिमी वाढतेच, अन् मंग डायल वर उचलल्यावर काट्यांना बसायला नळीच उरत नाही. बहुतेक लोकांचं डिझाईन कागदावर भारी अन् इथं येऊन अडकते. युनिटासवाल्या मशीनसाठी उंच कॅनन पिनियन अन् त्याला जुळणारं तासाचं चाक वेगवेगळ्या उंचीत मिळते, ते आधी मागवा, मंग ड्रॉइंग काढा. एचएमटीत तो ऑप्शन धरून चालू नका, तिथं डिस्क प्लेटच्या खोलगट जागेत बसते का ते पाहा अन् डायलच पातळ पत्र्याची करा.

आता चोवीस तासांचं चाक. तासाचं चाक १२ तासांत एक फेरा मारते, त्याच्या नळीवर ३० दात्यांची पातळ रिंग घट्ट बसवा, बाजूला ६० दात्यांचं चाक, झाला दिवसाचा एक फेरा. त्या चाकावर एक बोट, म्हणजे छोटी फिंगर, जी दिवसातून एकदा पुढच्या चाकाचा एक दाता ढकलते. बोट कडक ठोकून बसवू नका, स्प्रिंगसारखं लवचिक ठेवा, काऊन की कोणी ना कोणी काटे उलटे फिरवणारच अन् कडक बोट असेल तं दाता तुटला समजा. अन् बोट लागायची वेळ मध्यरात्र ठेवायची ती तारखेची सवय आहे, इथं काही गरज नाही. आपल्याकडे दिवसाची तिथी सूर्योदयाला जी असते ती, म्हणून मी बोट सकाळी सहाच्या आसपास लागेल असं ठेवतो, उठून चावी देता देता नवी तिथी दिसते.

चंद्राचं गणित आता. अमावस्या ते अमावस्या सरासरी २९.५३०५९ दिवस. जुनी सोपी पद्धत म्हणजे ५९ दात्यांची डिस्क, तिच्यावर समोरासमोर दोन चंद्र, रोज एक दाता, म्हणजे एका चंद्राला २९.५ दिवस. महिन्याला पाऊण तासाचा फरक पडते, ३२.७ चांद्रमहिन्यांनी डिस्क एक दिवस पुढं निघून जाते. यावर लोक नाक मुरडतात अन् १३५ दात्यांच्या डिस्कच्या मागं लागतात, तिचा हिशेब असा: रोज एक दाता जाणारं ७ दात्यांचं तारा-चाक (ताऱ्यासारखे टोकदार दाते असलेलं), त्याच्याच दांड्यावर १६ दात्यांचा पिनियन, म्हणजे छोटं चाक, तो १३५ ची डिस्क फिरवते, ७ गुणिले १३५ भागिले १६ म्हणजे ५९.०६२५ दिवसांत दोन चंद्र, एकाला २९.५३१२५, एक दिवसाची चूक व्हायला १२२ वर्षं लागतात. आहे भारी. पण ०.१ मॉड्यूलचे (मॉड्यूल म्हणजे चाकाचा मिमीतला व्यास भागिले दाते) दाते कापून घ्यावे लागतात, डिस्क १३.५ मिमी, पिनियन १.६ मिमी, दोघांच्या केंद्रांत ७.५५ मिमी, हे घरी होत नाही. वरून एक चाक वाढलं की फिरायची दिशा उलटते, मंग मधात एक फुकटचं आयडलर चाक टाकावं लागते, त्याला दाते कितीही ठेवा, हिशेब बदलत नाही.

मला ५९ च बरी वाटते, अन् त्याचं कारण आपलंच पंचांग आहे. १९ वर्षांत ७ अधिक महिने येतात, म्हणजे सरासरी साडेतेहतीस चांद्रमहिन्यांनी एक, अन् आपली डिस्क एक दिवस पुढं पळते ३२.७ चांद्रमहिन्यांनी. दोन्हीचा एकमेकांशी संबंध काहीच नाही, योगायोग आहे, पण कामाचा आहे. धोंड्याचा महिना आला की डिस्क एक दिवस मागं घ्यायची, बस. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, जावयाला अनारसे द्यायचं जसं घरात कोणी विसरत नाही तसं हे पण विसरायला होत नाही. मागं घ्यायचं कसं, तं घड्याळ चावी न देता थांबू द्या अन् थांबल्यावर चोवीस तासांनी त्याच वेळेला चालू करा, चंद्र एक दिवस मागं राहते, वेळ बरोबर.

तिथीसाठी वेगळी चाकं नकोच. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढं गेला की एक, महिन्याच्या ३०, म्हणजे त्याच डिस्कच्या कडेला प्रत्येक चंद्रामागं ३० खुणा करा, एकूण ६०. डिस्क ५९ पावलं चालते अन् खुणा ६०, म्हणून आकडा दिसायला चौकोनी खिडकी ठेवली तं आकडे हळूहळू सरकून अर्धवट कापलेले दिसतात. खिडकी नको, एक बारीक रेघ ठेवा, तिच्यासमोर जी तिथी ती तिथी. सुरुवात अमावस्येनंतरच्या शुद्ध प्रतिपदेपासून, कारण आपला महिना अमावस्येला संपते. गोंदियाच्या पल्याड बालाघाटला पाहुणे असतील तं त्यांचा महिना पौर्णिमेला संपते, त्यांना घड्याळ द्यायचं असेल तं महिन्याचं नाव डायलवर लिहूच नका, नुसता पक्ष अन् तिथी लिहा, भांडण नको.

एक गोष्ट घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. ही सरासरी तिथी आहे, २३ तास ३७ मिनिटांची. खरी तिथी १९ तासांपासून २६ तासांपर्यंत कमी-जास्त होते, चंद्र कधी जोरात कधी हळू चालते म्हणून, त्यातूनच तिथीचा क्षय अन् वृद्धी होते. घड्याळ अन् पंचांग यांत कधी कधी अर्ध्या दिवसापेक्षा जास्त फरक पडणार. लग्नाचा मुहूर्त यावरून काढू नका. चाकांनी हा फरक काढता येत नाही असं नाही, दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीसच्या अँटिकिथेरा यंत्रात दोन चाकं किंचित केंद्र सोडून बसवून एकाची खुंटी दुसऱ्याच्या खाचेत फिरवली आहे अन् चंद्राची चाल बरोबर कमी-जास्त होते. बाप माणूस असणार ज्यानं केलं. पण मनगटावर एवढं मावायला डोळे अन् पैसा दोन्ही लागतात.

आता जी गोष्ट पाहून मला परदेशी मूनफेज खटकते ती. त्याच्या खिडकीत खाली दोन फुगवटे असतात, ते चंद्राला बाजूनं झाकतात, म्हणून चंद्रकोर उभी दिसते. युरोपात ते बऱ्यापैकी चालून जाते, आपल्याकडे नाही. होळीनंतर, गुढीपाडव्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पश्चिमेला पाहा, कोर जवळजवळ आडवी पडलेली असते, दोन्ही टोकं वर, बायका कपाळावर चंद्रकोर लावतात तशीच. कारण सरळ आहे, आपण २१ अंश अक्षांशावर आहोत, त्या दिवसांत सूर्य-चंद्राचा रस्ता संध्याकाळच्या क्षितिजाशी जवळपास ९० अंशाचा कोन करते, म्हणजे सूर्य चंद्राच्या बरोबर खाली असते अन् उजेड खालच्या कडेला पडते. जिनिव्हात तोच कोन ६७ अंशाच्या वर जात नाही. दिवाळीच्या आसपास आपल्याकडेही तो कमी होऊन ४६ ते ५० अंशांवर येते अन् कोर थोडी उभी होते.

मंग खिडकी कुठं ठेवायची? तासाचं चाक घड्याळाच्या दिशेनं, चोवीस तासांचं उलट, अन् डिस्क पुन्हा घड्याळाच्या दिशेनं, असं आपल्या रचनेत होते. खिडकी डिस्कच्या वर ठेवली तं चंद्र डावीकडून उजवीकडे निघते अन् वाढत्या चंद्राची उजवी कड उजळ, उत्तर गोलार्धासाठी बरोबर. हीच डिस्क उलटी फिरली की ऑस्ट्रेलियाचा चंद्र तयार होते, म्हणून दिशा दोनदा तपासा. आता तीच खिडकी डिस्कच्या उजव्या बाजूला, तीनच्या जागेवर नेली तं चंद्र वरून खाली येते अन् वाढती कोर पूर्ण आडवी दिसते, चैत्रातली. पण मंग वद्य पक्षातली कोर टोपीसारखी पालथी पडते, अन् पहाटे ओलिताला मोटर चालू करायला जाणाऱ्या माणसाला पूर्वेला कोर तशी दिसत नाही, तिथंही उजेड खालीच असते. म्हणून मी मधला रस्ता काढतो, खिडकी एक-दीडच्या जागेवर, म्हणजे ३० ते ४५ अंश तिरपी. संध्याकाळची कोर आकाशासारखी दिसते, पहाटेची चुकते, पण चालवून घेता येते. ज्याला दोन्ही पक्के पाहिजेत त्यानं खिडकीच सोडून द्यावी अन् अर्धा काळा अर्धा पांढरा गोळा फिरवावा, काम दुप्पट, उंची तिप्पट.

पावसाचं नक्षत्र. सूर्य २७ नक्षत्रांतून वर्षात एक फेरा मारते, म्हणजे आपल्याला वर्षाला एकदा फिरणारी डिस्क पाहिजे. खरं वर्ष ३६५ अन् पाव दिवसाचं, पण पाव दिवसाच्या मागं लागलात तं १४६१ भागिले ४ येते अन् १४६१ मध्ये ४८७ ही मूळ संख्या बसलेली आहे, तेवढ्या दात्यांचं चाक कोण कापून देणार. सरळ ३६५ धरा, ५ गुणिले ७३. रोज एक दाता जाणारं १० दात्यांचं तारा-चाक, त्यावर १२ चा पिनियन, तो ७२ च्या चाकाला फिरवते, त्या चाकावर पुन्हा १२ चा पिनियन, तो ७३ च्या डिस्कला. दहा गुणिले सहा, साठ, अन् साठ गुणिले ७३ भागिले १२, बरोबर ३६५ दिवस. दिशा पण घड्याळाचीच निघते, आयडलर नको. ०.२ मॉड्यूल धरला तं डिस्कचा पिच व्यास १४.६ मिमी, दाते बऱ्यापैकी मोठे, चाकं कापणाऱ्याला सांगायला सोपं. चार वर्षांत एक दिवस चुकते, तो २९ फेब्रुवारीला सारखा करा. डिस्क दांड्यावर घट्ट पण सरकेल अशी घर्षणावर बसवा म्हणजे काडीनं मागंपुढं करता येते, अधिक महिन्यात घड्याळ एक दिवस थांबवलं तेव्हा जे नक्षत्र मागं राहिलं ते पण तसंच पुढं ढकलायचं.

डिस्कवर २७ सारखे भाग पाडू नका, इथं घाई करू नका. नक्षत्र आकाशात १३ अंश २० कलांचं असते खरं, पण पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या जवळ अन् जुलैत लांब, म्हणून सूर्य हिवाळ्यात एक नक्षत्र १३ दिवसांत संपवते अन् पावसाळ्यात १४ दिवस लावते. भाग तारखांवरून पाडा. रोहिणी २५ मेच्या आसपास, मृग ७ किंवा ८ जून, आर्द्रा २२ जून, पुनर्वसू ६ जुलै, पुष्य २० जुलै, आश्लेषा ३ ऑगस्ट, मघा १७ ऑगस्ट, मंग पूर्वा, उत्तरा, अन् हस्त २७ सप्टेंबर. या तारखा वर्षाला फार तं एखाद्या दिवसानं हलतात. एक दिवस म्हणजे डिस्कवर ०.९८६ अंश, प्रिंट करताना हाच गुणाकार वापरा. अन् २७ च्या २७ नावं लिहायचा हट्ट नको, १४.६ मिमीच्या डिस्कवर मुंगीच्या पायाएवढी अक्षरं होतात, रोहिणी ते स्वाती नावं लिहा, बाकीच्या नुसत्या रेघा. उन्हाळ्यात भरणी लागली का हे घड्याळात कोणी पाहत नाही. वाहन (हत्ती, बेडूक, म्हैस वगैरे) दर वर्षी बदलते, ते डिस्कवर टाकता येत नाही, लोक मागतील, नाही म्हणा.

ही वर्षाची डिस्क तयार झाली की तिच्यावर अजून एक वस्तू फुकटात येते, खरी दुपार. आपलं सरकारी टाइम ८२.५ अंश रेखांशाचं, नागपूर ७९.१ वर, म्हणजे साडेतेरा मिनिटं मागं, बुलढाणा पंचवीस मिनिटं मागं, गडचिरोली दहाच. त्यात सूर्याची स्वतःची कमी-जास्त चाल मिसळते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वासोळा मिनिटं एका बाजूला, फेब्रुवारीच्या मध्यात सव्वाचौदा दुसऱ्या बाजूला. त्यामुळं नागपुरात सूर्य डोक्यावर यायची वेळ ११:५७ ते १२:२८ च्या मधात फिरते. डिस्कखाली किडनीच्या आकाराचा कॅम (कड कमी-जास्त उंच असलेली चकती) लावून एक काटा हलवता येते, मोठ्या कंपन्या तेच करतात. मी कॅम करत नाही, डिस्कवरच त्या त्या तारखेसमोर दुपारची मिनिटं बारीक आकड्यात छापतो, वाचणाऱ्याला चष्मा लागते पण मशीनवर लोड शून्य. ताऱ्यांचा नकाशा फिरवायची हौस असेल तं पाटेक फिलिपच्या सेलेस्टियलचं चित्र ट्रेस करू नका, ते जिनिव्हाचं आकाश आहे, तिथं ध्रुव ४६ अंश वर, आपल्याकडे २१.

बनवायचं कसं. रॅचेटचे दाते (बोटानं एकेक ढकलायचे, दुसऱ्या चाकात न अडकणारे), म्हणजे ५९ ची डिस्क अन् तारा-चाकं, घरी अॅसिडनं होतात. इंकस्केपमध्ये ड्रॉइंग, लेझर प्रिंटरवर चकचकीत कागदावर प्रिंट, इस्त्रीनं ०.२ मिमी पितळी पत्र्यावर दोन्ही बाजूंनी उतरवायचं, फेरिक क्लोराइडमध्ये टाकायचं, सर्किट बोर्डवाले वापरतात तेच. ते वरून कापते तसं बाजूनं पण खाते, म्हणून ड्रॉइंगमध्ये दाते थोडे जाड ठेवा, आधी एक नमुना करून मोजा, मंग आकडा ठरवा. प्लास्टिकचा टब वापरा, अॅल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, जोरात रिअॅक्शन होते. हातमोजे घाला, अन् वापरलेलं पाणी नालीत, विहिरीजवळ नाही तं धुऱ्यावर ओतू नका, बाटलीत बंद करून ठेवा. इस्त्री करताना लाइट गेली तं कागद उचलू नका, थंड झाला की पुसून पहिल्यापासून सुरू करा. पिनियनची चाकं मात्र कापून घ्या, अॅसिडनं केलेले गोल दाते एकमेकांत अडकतात.

प्रत्येक तारा-चाकाला अन् चंद्राच्या डिस्कला एक जम्पर स्प्रिंग (दात्यांत बसून चाक जागेवर धरणारी) लागते, नाही तं हात हलला की चंद्र हलला. लेडीज घड्याळाची तुटलेली मेनस्प्रिंग घासून चांगली होते. ती किती नरम पाहिजे हे टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र) कळते: बोट दात्याला लागलेलं असताना अन् मोकळं असताना बॅलन्सचा, म्हणजे मागंपुढं झुलणाऱ्या चाकाचा, अॅम्प्लिट्यूड (झोका किती अंशांचा) पाहा, वीस-पंचवीस अंशांपेक्षा जास्त पडत असेल तं स्प्रिंग अजून पातळ करा. तेल फक्त पिव्हटला (चाकाच्या दांड्याचं टोक), दात्यांना नाही, इकडच्या धुळीत तेलाचे दाते म्हणजे महिन्याभरात चिखल.

सेट करायचं पौर्णिमेला. पंचांगात पौर्णिमा समाप्तीची वेळ देतात, तोच खरा पूर्ण चंद्राचा क्षण, त्या वेळेच्या जवळ डिस्क मधोमध आणा. पौर्णिमा सुरू झाली त्या वेळेला आणली तं जवळपास एक दिवसाची चूक पहिल्याच दिवशी बसते. नक्षत्राची डिस्क मृगाच्या दिवशी मृगाच्या रेघेवर. मंग दोन तारखांना तपासा: पोळ्याला खिडकी काळी पाहिजे, कोजागिरीला गोल भरलेली. पोळ्याला बारीक कोर दिसत असेल तं ती कोणत्या बाजूला आहे ते पाहा, उजव्या-खालच्या कडेला असेल तं डिस्क पुढं गेली आहे, घड्याळ एक दिवस थांबवा, डाव्या-वरच्या कडेला असेल तं मागं आहे, एक दाता पुढं ढकला.